महागावच्या तांड्यावर चपट्या शेवंडी

मुंबईहून निघताना माझ्याजवळ एक वळकटी, एक पिशवी आणि एक लाकडी पेटी होती. पेटी सर्वांत जड होती. तिला आतून पत्रा ठोकलेला, पत्र्याच्या आत लाकडाचा भुसा, भुशात बर्फ आणि बर्फाच्या मधोमध मेणकागदात गुंडाळलेल्या दोन लाद्या. प्रत्येक लादीत वीतभरापेक्षा आखूड, चपट्या शेपट्या एकमेकींना चिकटून गोठल्या होत्या. हे जनावर शेवंडीच्या (समुद्रातल्या मोठ्या मिशाळ झिंग्याच्या) जातीचेच, पण हलके. शेवंड परदेशी जाऊ लागल्यापासून बंदरावर सामान्य गिऱ्हाईक तिचा भाव विचारत नाही. ही चपटी मात्र पूर्वी जाळ्यातून काढून फेकून देत. आता शीतगृहवाले तिचे डोके तोडतात, शेपट्या गोठवतात आणि स्वस्तात विकतात.

"शेवंडच समजा. शिजल्यावर कोणाला कळत नाही," विकणाऱ्याने मला सांगितले होते.

गोठवलेला समुद्राचा माल विदर्भाच्या आतल्या गावापर्यंत टिकून पोहोचतो का, यावर संपादकांना दीड स्तंभ हवा होता. मी यवतमाळ जिल्ह्यातले महागाव निवडले, त्याला कारण एक पत्र होते.

पत्र देवसिंगाचे होते. महागावजवळच्या बंजारा तांड्यावरचा हा माणूस लढाईच्या काळात मुंबईच्या एका लष्करी भटारखान्यात स्वयंपाकी होता. लढाई संपल्यावर काही वर्षे तो आमच्या खानावळीत होता आणि मग गावी परतला. पत्र शाळामास्तरांच्या हातचे होते, बोलणे मात्र त्याचेच.

'मोठा भाऊ हरू गेला. जायच्या आधी माह्यासमोर म्हणाला, नाल्याकाठचं वावर जमनीकडे राहू द्या. जमनी म्हणजे त्याची बायको, माही भोजाई. तिथं तिसरं कोणी नव्हतं. आता चुलतभाऊ थावरा म्हणते, वावर मले कबूल केलतं. पुसाच्या महिन्यात नसाब (तांड्याची पंचायत) बसणार हाय. पण माहं कोण ऐकते? मुंबईहून आल्यावर मी शेवंडीचं सांगितलं, हातभर लांब, मिशा त्याच्याहून लांब, शिजवली का लाल होते. तवापासून सारा तांडा मले गपोड्या म्हणते. भाऊ, एक शेवंड आणून दाखवा. चित्र आणू नका. चित्रात काहीबी काढता येते, असं नायक (तांड्याचा प्रमुख) म्हणते.'

अख्खी शेवंड मिळवण्याचा मी प्रयत्न केला. मिळाली असती तर माझ्या ऐपतीबाहेरची होती. म्हणून या दोन लाद्या घेतल्या.

मूर्तिजापूरला पहाटे उतरलो आणि छोट्या गाडीत बसलो. ही गाडी यवतमाळला पोहोचायला जवळजवळ सबंध दिवस घेते. वाटेत ती कुठेही थांबते. एकदा रुळावरची म्हैस हलेपर्यंत थांबली, एकदा कशासाठी ते कळले नाही. दोन्ही बाजूंना कपाशीची शेते होती. वेचणी संपत आलेली, बोंडांना चिकटून राहिलेल्या कापसाचे पुंजके तेवढे दिसत होते. डब्यात कोळशाची भुकटी उडत होती. दारव्ह्याला चहा घेतला, तो गार होता. पेटीच्या खालच्या फटीतून पाण्याची बारीक धार डब्याच्या दाराकडे चालली होती. मी दर तासाला पेटीच्या झाकणाला हात लावून बघत होतो. दुसरे काही करण्यासारखे नव्हते.

यवतमाळला मुक्कामाच्या जागेशेजारीच सोडावॉटरचा कारखाना होता. मालक बर्फही ठेवत असे. मी पेटी उघडून भुसा बाजूला केला तेव्हा तो दोन पावले मागे सरकला.

"काय हाय जी यात? मढं-बिढं तं नाही?"

"समुद्रातलं खाणं आहे. झिंग्याच्या जातीचं."

"झिंगे? झिंगे तं आमच्या बाजारात सुके भेटतेत, पायलीनं. त्याले बर्फात घालून मिरवून राह्यले तुम्ही?" त्याने लादी बोटाने टोचली. "हे तं दगड हाय. दात पडतीन खानाऱ्याचे."

बर्फ मात्र त्याने चांगला दिला, आणि वरून गोणपाट ओले करून बांधून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने आर्णीमार्गे महागावला निघालो. पेटी टपावर टाका, असे कंडक्टर म्हणाला. टपावर ऊन होते. मी नकार दिला. शेवटी ती माझ्या पायांशी राहिली आणि शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या पायांशी पाणी जाऊ लागले. ते ढाणकीच्या बाजाराला निघालेले कापसाचे अडते होते. बराच वेळ ते सहन करत होते.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमची पेटी लघवी करून राह्यली."

मागच्या बाकावर हशा पिकला. मी मास्तर नाही, वार्ताहर आहे, असे सांगितले. त्यावर त्यांनी कापसाचे भाव काय होणार, ते मला विचारले. मला माहीत नव्हते. "मंग कायचे वार्ताहर!" असे म्हणून त्यांनी पाय वर घेतले आणि मांडी घालून झोपले.

आर्णीच्या पुढे मोटारीचे चाक पंक्चर झाले. जवळचे दुसरे चाकही फुटकेच निघाले. ड्रायव्हर सायकलवर बसून कुठेतरी गेला आणि दोन तासांनी आला. तोवर मी पेटी एका बाभळीखाली ठेवून तिच्यावर माझे दुसरे धोतर घालून बसलो. बाभळीची सावली पातळ असते. उन्हाबरोबर सावली सरके तशी पेटी सरकवत होतो. दुसऱ्या वेळेनंतर अडत्यांनी एक बाजू धरली.

महागावला देवसिंग बैलगाडी घेऊन सकाळपासून उभा होता. तो मला आठवत होता त्याहून बारीक झाला होता आणि मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. माझ्याआधी त्याने पेटीकडे पाहिले.

"आली का जी?"

मी त्याला गाडीतच सगळे सांगितले. ही शेवंड नाही. तिच्याच कुळातली, पण लहान आणि चपटी. डोके नाही. मिशा नाहीत, असल्या तरी या जातीला लांब मिशा नसतात. तो बैलांच्या पाठीकडे पाहत ऐकत होता. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, शेंगा वाळून खुळखुळत होत्या.

"मिशा नाही," तो म्हणाला.

"नाहीत."

मग मी त्याला जे सुचवले, ते इथे लिहिणे आवश्यक आहे. मी म्हणालो, डोके तोडलेले आहे, मिशा डोक्याबरोबर गेल्या, एवढेच सांगा. शेवंडही परदेशी जाते ती डोके तोडूनच. तांड्यावर दोन्हींतला फरक ओळखणारे कोणी नाही. मी थकलो होतो आणि ही पेटी दोन दिवस वाहून आणल्यावर ती निरुपयोगी ठरावी, असे मला वाटत नव्हते.

देवसिंगाने ऐकून घेतले. त्याने बैलांना हाकारले.

तांडा माळावर होता, पंचवीस-तीस घरांचा. मातीच्या भिंती, गवताची छपरे, प्रत्येक घरासमोर शेणाने सारवलेली चोख जागा. जमनी दारातच उभी होती. आरशांची कांचळी (चोळी) आणि घेरदार फेटिया (घागरा) होता, पण सवाशिणी केसांत घालतात ते रुप्याचे झुबके काढलेले होते. तिने पाणी दिले आणि दिराला त्यांच्या बोलीत काही विचारले. त्याने पेटीकडे बोट दाखवले. तिने दोन्ही हातांची बोटे कानशिलांवर मोडून माझी दृष्ट काढली. मी पन्नाशीच्या जवळ आलेला माणूस. मला अवघडल्यासारखे झाले.

"बहू दूरून आले, भिया (भाऊ)," ती म्हणाली. "आता काई चिंता नाही."

ज्वारीची रोटी, तुरीची डाळ आणि लसणाची चटणी जेवलो. जेवताना नाल्याकाठचे वावर तिने मला बसल्या जागेवरून दाखवले. काळी जमीन, बांधावर दोन मोहाची झाडे, पलीकडे विहीर. त्या वावरावर तिचे आणि तिच्या दोन मुलींचे वर्ष निघत असे. थावराच्या हाती ते गेले तर तिला दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जावे लागणार होते. हे तिने दुःखाने सांगितले नाही. कोणत्या बांधापर्यंत कोणाचे, तेवढे सांगितले. मग मी पडलो आणि मला झोप लागली.

सकाळी ठोकण्याच्या आवाजाने जाग आली. देवसिंग नायकाकडे गेला होता. अंगणात जमनी पाट्यासमोर बसली होती. तिच्या एका बाजूला पेटी उघडी होती, दुसऱ्या बाजूला फडक्याने झाकलेले पातेले. नाल्यातले खेकडे तांड्यावर जसे करतात तसे ती करत होती. तिथे खेकडा कवचासकट पाट्यावर ठेचतात, ठेचा पाण्यात कालवतात, फडक्यातून गाळतात आणि गाळलेल्या पाण्याचा रस्सा करतात. फडक्यात उरलेला चोथा फेकून देतात. पहिली लादी संपली होती. दुसरीही जवळजवळ संपली होती. उकिरड्यावर कवचाचा आणि पांढऱ्या मांसाचा ढीग होता आणि त्यावर दोन कुत्री होती.

"बाई, हे काय केलंत?"

"काय झालं जी? पाव्हण्याचं खाणं हाय, म्हटलं नसाबीच्या आधी रांधून ठेवू. लई कठीण हाय याचं टरफल. आमच्या खेकड्यायचं इतलं नसते." ती माझ्या तोंडाकडे पाहू लागली. "काहून? चोथा खातेत का तुमच्याकडं?"

मी पेटीत हात घातला. तीन शेपट्या उरल्या होत्या. त्यांतली एक मोडलेली होती.

खरा प्रकार तिच्या लक्षात आला तेव्हा तिने हात थांबवला. वरवंटा धुतला, बाजूला ठेवला आणि त्या तीन शेपट्या ताटलीत ठेवून तिच्यावर ओले फडके घातले. देवसिंग परत आला. त्याने ताटली पाहिली, पातेले पाहिले, उकिरड्याकडे पाहिले.

"भोजाई," तो म्हणाला, "दाखवाचं होतं, तुह्यानं ते पाजाचं झालं."

ती हसली नाही. तो हसला. त्या दिवशी तो हसलेला मी तेवढाच पाहिला.

नसाब नायकाच्या घरासमोर कडुनिंबाखाली बसली. नायक, कारभारी आणि दहा-बारा म्हातारे घोंगड्यांवर होते, बाकीचे उभे. बायका घरांच्या भिंतींना टेकून. मला एक बाज दिली, पण घोंगड्यांपासून दूर. कारभाऱ्याने नम्रपणे समजावले की मी कोर (तांड्याबाहेरचा माणूस) आहे. बघायला हरकत नाही, पण नसाबीत कोराचे बोलणे धरत नाहीत. शेवंड मी अनेकदा पाहिली होती, खाल्लीही होती. ते सांगण्याची सोय राहिली नाही.

थावरा उंच, देखणा माणूस होता, बोलण्यात सफाई होती. तो मुख्यतः हिंदीमिश्रित मराठीत बोलला, बहुधा मला कळावे म्हणून.

"नायक, माहं काही म्हणणं नाही. हरूभिया माह्यासाठी बापासारखा होता. पण साक्ष कोणाची? ज्यानं मिशीवाला राक्षस खाल्ला त्याची! उद्या हा म्हणीन, हरूनं मले सपनात उडतं इमान देल्लं. मान्य कराचं का?"

लोक हसले. कोणीतरी मागून दोन्ही हात ताणून मिशांची लांबी दाखवली.

नायक सत्तरीच्या पुढचे होते. त्यांनी हात वर केला. "देवसिंग, आमच्या आज्यापणज्यानं बैलायवर लदेणी (मालाच्या गोण्या) घालून समुद्रावरून मीठ आणलं. पिढ्या गेल्या त्यात. खाडीतले खेकडे सांगितले त्यायनं, मगर सांगितली, गोरे साहेब सांगितले. असं जनावर कोणी सांगितलं नाही. तू म्हणालास, आणून दाखवतो. आण."

देवसिंगाने ताटली नेली. फडके काढले. म्हातारे पुढे वाकले. एकाने शेपटी उचलून उलटी केली. उन्हात ती पिवळट, ओलसर आणि फार लहान दिसत होती.

"हा तं झिंग्याचा मोठा भाऊ," एक म्हातारा म्हणाला.

"हातभर कुठी हाय?" थावरा म्हणाला. "का बर्फात आटली?"

पुन्हा हशा. जमनी भिंतीशी होती. तिने पदर दातांत धरला होता. आदल्या दिवशी मी जे सुचवले होते ते बोलण्याची वेळ हीच होती. डोके तोडले आहे. एवढे तीन शब्द पुरले असते. मी देवसिंगाकडे पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

नायकांनी विचारले, "हीच का ती?"

देवसिंगाने शेपटी हातात घेतली. अंगठ्याने कवचावरून हात फिरवला.

"ई ऊ छेनी," तो म्हणाला.

हे ते नाही. हशा थांबला. मग तो मराठीत बोलला, सावकाश, मला वगळायचे नाही अशा रीतीने.

"हे ते नाही, नायक. हे त्याच्या जातीचं हाय, गरिबाचं. खरी शेवंड महाग, ती साहेबायच्या देशात जाते. भाऊले ती भेटली नाही, हे सस्तं भेटलं, हे घेऊन आले. मिशा याले नसतेतच. मी सांगितलं ते येगळं. ते मले दाखवता येत नाही."

"मंग आम्ही कायवर इसवास ठेवाचा?" कारभाऱ्याने विचारले.

"ते तुमचं तुम्ही पाहा."

तो खाली बसला. जमनीने डोळे मिटले होते. तेवढ्यात एका म्हातारीने आठवण करून दिली की रस्सा निवतो आहे. आणि पाहुण्याने एवढ्या लांबून आणलेले खाणे खाल्ल्याशिवाय उठायचे नाही, या मुद्द्यावर मात्र सर्वांचे एकमत झाले. पातेले आले. रोट्या आल्या.

बातमीसाठी मी चव टिपून घेतली. रस्सा तांबडा, तिखट, मागे किंचित गोडसर. उरलेल्या तीन शेपट्या निखाऱ्यावर भाजून वाटल्या. मांस पांढरे, धागे आखूड, दोन दिवसांच्या बर्फामुळे थोडे कापसासारखे. शेवंडीचा घट्टपणा नाही. वास मात्र स्वच्छ. म्हणजे माल पोहोचला होता.

नायकांनी दोनदा रस्सा मागितला. हात धुतले, तोंड पुसले आणि थावराकडे वळले.

"थावरा, आज देवसिंगाच्या जागी तू असता, अन् मी इचारलं असतं हीच का ती, तं तू काय म्हटलं असतं?"

थावराने उत्तर द्यायला तोंड उघडले. मग मिटले. तो हुशार माणूस होता. हो म्हटले तर आपण खोटे ठरतो आणि नाही म्हटले तर देवसिंग खरा ठरतो, हे त्याला लगेच दिसले असावे.

"देवसिंग," नायक म्हणाले, "हरू काय म्हणाला, ते सांग. जेवढं म्हणाला तेवढंच."

"म्हणाला, नाल्याकाठचं वावर जमनीकडे राहू द्या, दोन्ही मोहायपावतर. इहिरीचं काही बोलला नाही."

विहिरीचे तो स्वतःहून बोलला. कोणी विचारले नव्हते.

नायकांनी दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांकडे पाहिले. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. वावर जमनीचे, विहीर दोघांची, पाणी दिवसाआड. एवढा निकाल द्यायला त्यांना तंबाखू मळण्याइतकाच वेळ लागला. थावरा उठून गेला. जाताना त्याने जमनीला वाकून रामराम केला, हेही नोंदवले पाहिजे.

लोक उठू लागले तेव्हा नायक देवसिंगाला म्हणाले, "वावराचं मानलं. मिशायचं नाही मानलं हां अजून."

"नका मानू," देवसिंग म्हणाला.

त्याच दुपारी त्याने मला महागावला सोडले. आदल्या दिवशीच्या माझ्या सूचनेचा उल्लेख त्याने केला नाही, मीही केला नाही. रिकामी पेटी त्याने ठेवून घेतली; जमनीला बियाणे ठेवायला आतून पत्रा ठोकलेली पेटी हवीच होती. परतीचा प्रवास आलेल्याच वाटेने, तेवढाच लांब आणि तेवढ्याच धुळीचा झाला. हलके सामान घेऊन प्रवास सोपा होतो, असे समजत होतो. तसे काही झाले नाही.

मुंबईला पोहोचताच दीड स्तंभ लिहून दिला. अंतर, तास, बर्फ किती वेळा बदलला, चव, धागे. नसाबीचा उल्लेख केला नाही. तो त्यांचा घरचा मामला होता. चौथ्या दिवशी मजकूर छापून आला. मथळा वरच्या टेबलावर बदलला होता: 'शेवंड पोहोचली महागावच्या तांड्यावर.' मी विचारले. उपसंपादक म्हणाले, चपट्या शेवंडीला कोण ओळखतो, आणि वाचणाऱ्याला काय फरक पडतो? मी रात्रपाळी करून आलो होतो. वाद घातला नाही.

दुपारी ध्यानात आले की हा अंक महागावला जातो. शाळामास्तर तो वाचतात आणि मोठ्याने वाचून दाखवतात. देवसिंगाने सगळ्या तांड्यासमोर जे नाकारले होते, ते आता छापील अक्षरांत त्याच्या दारात जाणार होते. ज्यांना हवे असेल ते म्हणतील, बघा, पेपरात शेवंड लिहिलंय, आणि हा म्हणतो नाही. म्हणजे हा खोटा. किंवा म्हणतील, बघा, शेवंड एवढीच असते. म्हणजे हा खोटाच. पंचवीस वर्षे बातम्या लिहिल्यावर छापलेल्या एका ओळीचे वजन मला प्रथमच असे मोजावे लागत होते.

दुरुस्ती छापायला संपादक तयार नव्हते. मथळ्याची दुरुस्ती कोणी छापत नाही. तेव्हा मी एक पोस्टकार्ड घेतले, मास्तरांच्या नावाने. अंक वाचून दाखवाल तेव्हा हेही वाचा, अशी विनंती केली. खाली लिहिले: 'पेपरातला मथळा चूक आहे. त्या दिवशी तांड्यावर आली ती शेवंड नव्हती. देवसिंग म्हणाले तेच बरोबर.' सही केली. नावाखाली वर्तमानपत्राचे नाव घालावे की नाही, यावर थोडा वेळ विचार केला. मग घातले.